क्रूझच्या केबिनमधल्या पलंगावर झोप लागत नाही? केबिन बदलून मागण्याआधी हे तपासा

क्रूझ जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये मी बरीच वर्षं केबिन सांभाळल्या आणि पुढे सुपरवायझर म्हणून इतरांच्या केबिनमधल्या तक्रारी सोडवल्या. 'गादी खराब आहे, बदलून द्या' ही तक्रार प्रत्येक सफरीत येते. जाऊन पाहिलं की खरोखर गादी बदलावी लागेल अशी केबिन क्वचितच निघते. दोष उशीत असतो, दोन पलंगांच्या जोडात असतो, पलंगाखाली कोंबलेल्या बॅगेत असतो, नाहीतर केबिन जहाजाच्या ज्या टोकाला आहे त्यात असतो. यातलं बरंचसं दहा मिनिटांत आणि फुकटात सुटतं. अट एकच: काय होतंय ते नेमकं सांगा आणि पहिल्याच संध्याकाळी सांगा. जहाजावर टॉपर (गादीवर अंथरायचा जादा थर), जादा उशा, गादीखाली घालायच्या फळ्या हे सगळं मोजकं असतं आणि भर समुद्रात नवीन साठा येत नाही. चौथ्या दिवशी सांगणाऱ्याला 'सगळं वाटून झालं' हे उत्तर मिळतं, आणि ते खरं असतं.

लक्षणं

खालच्या यादीत तुमचा त्रास कशाशी जुळतो ते आधी बघा.

- सकाळी कंबर आखडलेली असते, पण तासभर हिंडलं की मोकळी होते. गादीचा कडकपणा आणि तुमची झोपायची पद्धत जुळत नाही.
- कुशीवर झोपलं की खांदा किंवा खुबा दुखतो, हाताला मुंग्या येतात. गादी तुमच्यासाठी फार कडक आहे.
- मान धरते. बहुतेक वेळा उशी.
- दोघं झोपता आणि मधल्या फटीत पाय जातो, किंवा मधला उंचवटा पाठीला टोचतो. दोन पलंगांचा जोड.
- कुठेही आडवं झालं तरी घरंगळत एकाच जागी येता. गादीला खड्डा पडलाय किंवा तिला खालून आधार देणारी पलंगाची पट्टी सुटलीय.
- जहाज धक्क्याला असताना शांतता, समुद्रात शिरलं की करकर. पलंग असेल, पण नसण्याचीच शक्यता जास्त.
- अंग इकडून तिकडे लोळतं, झोप तुटत राहते. केबिनची जागा आणि पलंगाची दिशा.
- घाम येऊन किंवा गारठून जाग येते. एसी आणि पांघरूण.
- उघड्या अंगावर ओळीने खाजणाऱ्या लाल गांधी. बाकी काही तपासू नका, थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा.

या यादीइतकीच कामाची आणखी एक कसोटी आहे. जहाजात चढता तेव्हा ते धक्क्यालाच उभं असतं. सामान यायची वाट बघत असता, त्या वेळेत बूट काढून पलंगावर दहा मिनिटं आडवे व्हा. बसून गादी दाबून बघू नका, रात्री जसं झोपता तसंच झोपा. जहाज स्थिर असतानाही त्रास जाणवला तर दोष पलंगात आहे. तेव्हा छान वाटलं आणि रात्री समुद्रात बिनसलं, तर दोष हेलकाव्यांचा, आवाजाचा किंवा हवेचा. या एका फरकाने अर्धा शोध संपतो, आणि स्टुअर्डलाही, म्हणजे तुमची केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही, नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.

१. उशी

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, म्हणून सुरुवात इथून. केबिनमधल्या उशा बऱ्याचदा मऊ आणि फुगीर असतात. दिसायला छान, पण डोकं ठेवलं की खाली बसतात. कुशीवर झोपणाऱ्याची मान खांद्याच्या उंचीइतकी उचललेली राहायला हवी. ती राहिली नाही तर खांद्यावर भार येतो आणि माणूस गादीला दोष देतो. स्टुअर्डला 'जाड, टणक उशी' असं सांगून मागा. काही जहाजांवर उशांची वेगळी यादीही असते.

दोन जादा उशा मागायला अजिबात संकोच नको. कुशीवर झोपत असाल तर एक गुडघ्यांमध्ये धरा, पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली सरकवा. कंबरेचा ताण लगेच कमी होतो. गादी बदलून हवी म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांचं काम या एका उशीने झालेलं मी पाहिलंय. पिसांची ॲलर्जी असेल तर तेही याच वेळी सांगा.

२. पांघरूण आणि एसी

जाड दुलईत घामाघूम होत असाल तर ती काढून साधी चादर आणि पातळ ब्लँकेट मागा. स्टुअर्डला यात काही जड नाही.

एसीचं म्हणाल, तर बाल्कनीच्या केबिनमध्ये आधी दार बघा. बऱ्याच जहाजांवर त्या दाराला सेन्सर असतो. दार नीट लागलं नाही की केबिनचा एसी थांबतो. सेन्सर नसेल तर उलटा त्रास होतो. बाहेरची दमट हवा आत येते, गार पृष्ठभागावर पाणी धरतं आणि अंथरूण ओलसर, चिकट लागायला लागतं. समुद्राची हवा घेत झोपायची हौस मला समजते, पण उष्ण प्रदेशातल्या सफरीत रात्री दार बंदच ठेवा. झोत थेट तोंडावर येत असेल तर झडपेवर कागद चिकटवू नका, तिची दिशा मेंटेनन्सवाल्यांकडून बदलून घ्या. किंवा पायथ्याकडे डोकं करून झोपा, बहुतेक केबिनमध्ये ते सहज जमतं.

३. पलंगाखाली वाकून बघा

हे कोणालाच सुचत नाही. जहाजाच्या केबिनमध्ये रिकाम्या बॅगा पलंगाखाली ठेवायची सोय असते. त्यासाठी पलंग उंच केलेला असतो, पण ती जागा ठरावीक उंचीची. गच्च भरलेली किंवा चाकांवर उभी केलेली बॅग आत ढकलली की ती खालून पट्ट्यांना टेकते आणि त्या जागी गादी वर उचलली जाते. झोपणाऱ्याला वाटतं, गादीत गाठ आहे. हेलकाव्यात बॅगेचं हँडल पट्टीवर घासलं की तीच करकर. बॅगा ओढून बाहेर काढा आणि पुन्हा आडवे होऊन बघा. बॅगा रिकाम्या, सपाट, एकात एक घालून ठेवल्या तर हा त्रास उरत नाही.

४. आवाज नक्की कशाचा?

केबिन हे पातळ पॅनेल जोडून केलेलं खोकं असतं. जहाज लाटांवर किंचित वाकतं तेव्हा हे जोड बोलतात. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटतात, खणातली बाटली गडगडते, बाथरूममधला ग्लास किणकिणतो. रात्री हे सगळं डोक्याशीच होतंय असं वाटतं. आवाज चालू असताना पलंगाच्या पाठीवर, मग भिंतीवर, मग छताच्या पट्टीवर तळवा दाबून धरा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथला तो आवाज. दोन पृष्ठभागांमध्ये घडी केलेला जाड कागद किंवा हातरुमाल खोचला की बहुतेक वेळा काम होतं. हँगर काढून खाली ठेवा. भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात आणि डुलणाऱ्या वस्तू त्यांवर नीट अडकवता येतात.

पहाटे धडधड आणि थरथर होते आणि जहाज धक्क्याला लागलं की थांबते, ती बो थ्रस्टरची. जहाजाच्या पुढच्या भागात पाण्याखाली आडवे पंखे असतात, ते जहाज बाजूला सरकवतात. ते बंद करता येत नाहीत. पुढच्या टोकाच्या खालच्या डेकवर (मजल्यावर) केबिन असेल तर बंदराच्या दिवशी सकाळी इअरप्लग घालणं हाच उपाय.

५. दोन पलंगांचा जोड

इथे जरा थांबतो, कारण जोडप्यांच्या सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात आणि लोक उपाय उलट्या क्रमाने करतात.

जहाजावरचा मोठा पलंग बहुतेक वेळा एक नसतो. दोन एकेरी पलंग शेजारी लावून वर मोठी चादर घातलेली असते. मागच्या सफरीत त्याच केबिनमध्ये दोन मित्र वेगवेगळे झोपले असतील, आणि तुमच्यासाठी पलंग त्याच दिवशी जोडलेले असतील. प्रवासी बदलायच्या दिवशी स्टुअर्डकडे वेळ फार थोडा असतो. जोडपट्टी किंवा आकडा कधी कधी नीट बसत नाही. गालिच्यावर दोन पलंग नुसते टेकून उभे राहतात आणि हेलकाव्यांबरोबर तसूतसूने लांब जातात. पहिल्या रात्री फट बोटभर, तिसऱ्या रात्री हातभर वाटायला लागते.

प्रवासी काय करतात, तर फटीत ब्लँकेटची गुंडाळी कोंबतात. ती पाचर बनते आणि पलंग आणखी दूर ढकलते. आधी दोन्ही चौकटी एकमेकींना पक्क्या बांधल्या गेल्या पाहिजेत, फट भरणं त्यानंतरचं. तपासायला चादर बाजूला करा, एका पलंगाची चौकट पायथ्याशी धरून हलकेच बाहेर ओढा. शेजारचा पलंग सोबत आला नाही तर जोड लागलेला नाही. स्टुअर्डला बोलवा आणि 'फट आहे' एवढंच न म्हणता 'चौकटींचा जोड सुटलाय' असं सांगा. पहिल्या वाक्यावर चादर नीट करून मिळते, दुसऱ्यावर आकडा लागतो.

चौकटी जुळल्यावरही गाद्यांमध्ये थोडी खाच राहते. ती घालवायला जाड दुलई किंवा टॉपर दोन्ही गाद्यांवर आडवा, म्हणजे जोड ओलांडून, पसरायचा आणि त्यावर मोठी चादर गच्च खोचायची. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची फोमची पट्टीही मिळते, काही लोक ती सोबत आणतात. दोन गाद्यांची उंची वेगळी असेल तर मात्र पट्टीने काही होत नाही, एक गादी बदलावी लागते. उंचवटा बोटांनी चाचपून बघा. पायरी लागली तर तसं सांगा.

आणि खरं सांगू का, झोप हलकी असेल तर पलंग वेगळेच करून घ्या. जोडीदाराच्या कूस बदलण्याने होणारी जागही टळते.

६. टॉपर

गादी कडक आहे याची खात्री झाली की टॉपर मागा. बऱ्याच जहाजांवर अंड्यांच्या ट्रेसारख्या उंचवट्यांचा फोम किंवा जाड पॅड पैसे न घेता देतात, पण साठा असेपर्यंतच. घरच्यापेक्षा गादी कडक का लागते, तर ती सतत वापरात असते, टिकाऊ लागते, शिवाय जहाजावरच्या अंथरुणाला आगीचे नियम असतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०१० च्या अग्निचाचणी संहितेत गाद्या, उशा, ब्लँकेट यांच्यासाठी स्वतंत्र चाचणी आहे. म्हणून स्वतःचा फोम आणायचा असेल तर कंपनीला आधी विचारा. विजेवर तापणारी चादर किंवा शेक घ्यायचं पॅड तर बहुतेक ठिकाणी चढतानाच काढून घेतात.

टॉपर सगळ्यावर उपाय नाही. गादीला खड्डा असेल तर टॉपरही त्या खड्ड्यात बसतो. गादी आधीच फार मऊ असेल तर टॉपरने कंबर आणखी खचते. मऊ गादीसाठी गादीखाली घालायची फळी मागा, काही जहाजांवर ती ठेवलेली असते.

७. गादी फिरवणं

खड्डा आहे का ते बघायला चादर काढून एक ताठ वस्तू, छत्री किंवा चालायची काठी, गादीवर आडवी ठेवा. मधे काठीखालून सहज हात जात असेल तर खड्डा आहे. आता स्टुअर्डला गादी फिरवायला सांगा, म्हणजे डोक्याची बाजू पायाकडे. आजच्या अनेक गाद्या एकाच बाजूने वापरायच्या असतात, त्यामुळे उलटायला सांगून उपयोग नसतो. काही केबिनमध्ये चालायला जागा राहावी म्हणून पायथ्याचे कोपरे गोल कापलेले असतात, ती गादी फिरवताच येत नाही.

गादी काढली की खालच्या पट्ट्या आपोआप दिसतात. एखादी पट्टी खाचेतून निसटलेली असते आणि गादी बिचारी धडधाकट असते. हे काम तुम्ही स्वतः करू नका. केबिन अरुंद, गादी जड, आणि जहाज नेमकं तेव्हाच हलतं. सुट्टीत कंबर धरून बसलेले प्रवासी मी पाहिलेत.

८. हेलकावे आणि पलंगाची दिशा

जहाज दोन प्रकारे डोलतं. बाजूला कलतं आणि पुढे-मागे झुलतं. पुढे-मागे झुलणं सी-सॉसारखं असतं, टोकांना जास्त आणि मधे कमी. बाजूला कलणं वरच्या डेकवर जास्त जाणवतं. जहाजाला दोन्ही अंगांना स्टॅबिलायझरचे पंख असतात, ते कलणं कमी करतात, पुढे-मागे झुलणं नाही. शिवाय पंखांवरून पाणी वाहिलं तरच ते काम करतात, म्हणून जहाज हळू चालत असताना त्यांचा जोर कमी पडतो.

याचा पलंगाशी संबंध असा. पलंग जहाजाच्या लांबीला समांतर असेल तर जहाज कललं की तुम्ही कुशीवरून कुशीवर लोळता. पलंग आडवा असेल तर तेच कलणं डोक्याकडून पायांकडे जाणवतं. पहिल्या प्रकारात जुना खलाशी उपाय अजून चालतो. गादीच्या बाहेरच्या कडेखाली गुंडाळलेलं ब्लँकेट किंवा जाडे टॉवेल लांबीभर सरकवा. कड उचलली जाते, तुम्ही भिंतीच्या बाजूला टेकून स्थिर राहता आणि शरीर रात्रभर स्वतःला सावरत बसत नाही. यासाठी लाइफ जॅकेट मात्र वापरू नका, ते ठरलेल्या जागी हाताशीच असायला हवं.

दुसऱ्या प्रकारात जोराच्या वाऱ्याने जहाज कधी कधी तासन्‌तास एका बाजूला किंचित कललेलं राहतं. डोकं उताराला आलं तर डोकं जड होतं, छातीत जळजळतं. उशी पायथ्याला न्या आणि उलटे झोपा. दोन मिनिटांचं काम.

९. सोफा-कम-बेड आणि वरचा बर्थ

तिसरा-चौथा माणूस बहुतेक यांवर झोपतो. सोफ्याच्या पलंगात कंबरेखाली लोखंडी दांडा लागतो. टॉपरचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच होतो, म्हणून एकच टॉपर मिळाला तर तो इथे घाला. छतातून किंवा भिंतीतून उघडणारा पुलमन बर्थ अरुंद आणि पातळ गादीचा असतो. हलक्या अंगाच्या माणसाला किंवा मोठ्या मुलाला तो पुरतो, सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नका. तो उघडणं-मिटणं स्टुअर्डवरच सोडा. खिट्टी पूर्ण बसली नाही तर बर्थ माणसासकट खाली येऊ शकतो.

१०. केबिन बदलणं

सगळं करून झालं आणि दोष जागेचाच निघाला, तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. काय काय करून पाहिलं ते क्रमाने सांगा. 'उशा बदलल्या, जोड लावला, टॉपर घातला, तरी पुढच्या टोकाला झुलणं सहन होत नाही' असं ऐकल्यावर काउंटरवरच्या माणसाला मदत करायला आधार मिळतो. जहाज भरलेलं असेल तर केबिन नसतेच, हेही मनात धरा.

नवी केबिन मिळत असेल तर हो म्हणण्याआधी डेकचा नकाशा बघा, आणि नुसता आपला डेक नाही, वरचा आणि खालचाही. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या. खाली नाटकगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली, मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन झोपेसाठी उत्तम, मग तिला खिडकी नसली तरी चालेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ढेकणांची शंका आली तर सामान हलवू नका, मैत्रिणीच्या केबिनमध्ये झोपायलाही जाऊ नका. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, फिकट सालं दिसली तर फोटो काढा आणि लगेच कळवा. कपडे आणि बॅगा प्रक्रिया झाल्याशिवाय नव्या केबिनमध्ये नेल्या तर ढेकूणही सोबत जातात. स्वतः फवारा मारू नका.

मोडलेली पट्टी, हलणारा पाया, न बसणारी बर्थची खिट्टी, छतातून गळणारं पाणी ही कामं मेंटेनन्सची. स्टुअर्डला सांगा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यावर झोपू नका. सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) वापरत असाल तर एक्स्टेंशन वायर आणि डिस्टिल्ड वॉटरची व्यवस्था निघण्याआधीच कंपनीला लिहून करून घ्या. स्वतःची एक्स्टेंशन वायर अनेक जहाजांवर चालत नाही.

काही दुखणी पलंगाची नसतात. कंबरदुखीबरोबर दोन्ही पायांत किंवा जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर टॉपर मागत बसू नका, त्याच क्षणी जहाजावरच्या डॉक्टरांना फोन करा. सपाट झोपलं की दम लागत असेल, छातीत दुखत असेल, किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल तरीही तेच. जहाजावरच्या दवाखान्याचे पैसे वेगळे लागतात, त्या विचाराने थांबू नका.

आणि सफर संपून घरी गेल्यावर तुमचा स्वतःचा पलंग डोलतोय असं वाटलं तर घाबरू नका. शरीराने हेलकाव्यांची सवय करून घेतलेली असते, ती बहुतेकांची एक-दोन दिवसांत सुटते. तेवढे दिवस गाडी चालवताना आणि जिना उतरताना जपा. महिना उलटला तरी डोलणं थांबलं नाही, तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा आणि बोटीचा प्रवास झाला होता हे त्यांना आवर्जून सांगा.